वीग्लाची न पेटवलेली रास

मेलिसोपेत्रा गावाच्या माथ्यावर वीग्ला नावाचा बोडका डोंगर आहे. वीग्ला म्हणजे पहाऱ्याची जागा. समुद्रावरचा वारा तिथे झाड म्हणून उभे राहू देत नाही. ओव्याच्या वासाची खुरटी झुडपे आणि दगड, एवढेच काय ते आहे. आणि अगदी माथ्यावर, जिथे काहीच असायला नको, तिथे लाकडांची प्रचंड रास आहे. खालची लाकडे कुजून माती झाली आहेत, मधली राखाडी पडून भुसभुशीत झाली आहेत, आणि सगळ्यात वर याच हिवाळ्यात आणून ठेवलेले ओकचे आणि ऑलिव्हचे ओंडके आहेत. धापा टाकत वर पोचलेल्या पाहुण्यांना वाटते, कसल्याशा सणाची तयारी असणार. कधी पेटवता, असे कुणी तरी विचारतेच. त्यांना वर घेऊन आलेली फोतिनीआजी मग दगडावर टेकते, काठी आडवी ठेवते आणि सांगते की ही रास पेटवत नाहीत. कधीच नाही.

एका हिवाळ्यात म्हणे गावावर छपरापर्यंत बर्फ चढला होता. लोकांनी घरांची दारे जाळली, रिकामे पाळणे जाळले. पण वीग्लावरची एक काटकीसुद्धा कुणी खाली आणली नाही.

डोंगराच्या पायथ्याशी, शेवटच्या घरापलीकडे, एका जुन्या हमामखान्याचे अवशेष आहेत. अर्धी कमान उभी आहे, भट्टीचे तोंड अजून काळे आहे, आणि दारापुढे संगमरवराचे एक रुंद आसन आहे. उतरताना दमलेला पाहुणा त्यावर बसायला गेला की आजी काठी आडवी घालते. त्या आसनाची आणि या राशीची गोष्ट एकच आहे, आणि गावात ती अशी सांगतात.

फार जुना काळ. तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर ग्रीक बोलणारा सम्राट होता आणि त्याचे राज्य सुभ्यांमध्ये वाटलेले होते. सुभ्याला ते लोक थेमा म्हणत आणि सुभेदाराला स्ट्रॅटिगोस. आपण सुभेदारच म्हणू, कारण माणूस तोच. राजधानीहून यायचा, काही वर्षे राहायचा, जायचा. तेवढ्या मुदतीत त्याने गैर काही करू नये म्हणून नियमही पुष्कळ होते. सुभ्यात जमीन घ्यायची नाही, मुलामुलींच्या सोयरिकी जुळवायच्या नाहीत, असे बरेच. नियम करण्यात त्या दरबाराचा हात कुणी धरला नसता. त्यातला एक नियम तर खरोखर चांगला होता. मुदत संपलेल्या सुभेदाराने लगेच निघून जायचे नाही. काही आठवडे त्याच सुभ्यात, पहारेकऱ्यांशिवाय, उघड्यावर बसून राहायचे. ज्याच्यावर त्याने अन्याय केला असेल त्याने यावे, समोर उभे राहावे आणि बोलावे. बिशप ऐकायला बसत, आणि त्यांनी दिलेला निवाडा नवा सुभेदार अमलात आणी. मात्र एकट्याचे बोलणे धरत नसत. दुसऱ्या घरचे एक तरी माणूस शेजारी उभे राहून ‘हे खरे आहे’ असे म्हणाले पाहिजे, मग ती तक्रार.

आनिसिया या नियमाची वाट बघत होती. तिच्या नवऱ्याचे डोळे त्या एका माणसावर अवलंबून होते.

तिचा नवरा स्तामातिस वीग्लावरचा पहारेकरी होता. त्या काळी किनाऱ्यालगतच्या प्रत्येक उंच डोंगरावर कोरड्या लाकडांची रास रचलेली असे. समुद्रात लुटारूंची गलबते दिसली की पहिली रास पेटायची, ती ज्वाला पाहून पलीकडच्या डोंगरावरची पेटायची, आणि खबर सुभ्याच्या किल्ल्यापर्यंत पोचून घोडेस्वार निघायचे. वीग्लाच्या खाली किनाऱ्यावर स्काला नावाची कोळ्यांची वस्ती होती. वर आग दिसली की स्कालाचे लोक पोरेबाळे उचलून डोंगरात पळत. लाकूड सम्राटाचे होते, म्हणून स्तामातिस त्याला आपल्या शेळीलाही अंग घासू देत नसे. माणूस संथ बोलणारा, हट्टी, आणि जरा हसण्यासारखाच. ओंडका वर रचण्याआधी बोटाच्या पेरांनी ठोकून बघायचा आणि आवाजावरून तो कोरडा की ओला ते सांगायचा. गावातली माणसे भेटली की मुद्दाम त्याच्यासमोर आपले डोके ठोकून विचारत, ‘‘हे कोरडं आहे का रे?’’

त्या वर्षी सुभेदार होता लिओंतिओस. मोठ्या घरचा, गोड बोलणारा आणि कायम थंडीने गारठलेला. किल्ल्यात त्याला ओल लागे, म्हणून समुद्राकडून आडोसा असलेल्या मेलिसोपेत्रात त्याने हिवाळ्यापुरते घर बांधून घेतले आणि घराला लागून हमामखाना. बांधकामाला गाव वेठीला धरले होते, पण लोकांची फारशी कुरकुर नव्हती. सुभ्याचा धनी आपल्या गावात राहतो याची शेजारच्या गावांत ऐट मिरवता येत होती. शिवाय सुभेदारांनी हुकूम काढला होता की शनिवारी त्यांचे स्नान झाले की उरलेले गरम पाणी गावाला मोकळे. हिवाळ्यात गरम पाण्याने डोके धुणे म्हणजे काय चैन असते, ते ज्याच्या घरी लाकूड पुरत नाही त्याला विचारावे.

शरद सरता सरता पाऊस लागला आणि रानातले सगळे लाकूड भिजले. भट्टी धुमसू लागली, हमामखान्यात धूर कोंडला, सुभेदारांना शिंकांवर शिंका आल्या. मग त्यांनी पाटलाला बोलावून घेतले. पाटील म्हणजे प्रोकोपी, आनिसियाचा बाप. आजूबाजूच्या टापूत कोरडे लाकूड एकाच जागी होते, आणि ती जागा सुभेदारांच्या खिडकीतून दिसत होती.

गावातल्या कुणालाही यात काही भयंकर वाटले नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. हिवाळ्यात समुद्र बंद असतो, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत होते. वादळांच्या दिवसांत कुणी गलबत काढत नाही, लुटारूही नाही. रास वसंतापर्यंत नुसती पडून राहणार. तोवर वापरू, उन्हे तापली की नवीन लाकूड तोडून, वाळवून, जशीच्या तशी रचून देऊ. गाढववाला मानोलिस सगळी गाढवे घेऊन वर गेला, आणि मागोमाग प्रत्येक घरातून एकेक माणूस.

स्तामातिस राशीपुढे हात पसरून उभा राहिला. ‘‘सम्राटाचं लाकूड आहे,’’ एवढेच म्हणत राहिला.

‘‘आणि सुभेदार कुणाचा आहे?’’ प्रोकोपी म्हणाला. ‘‘बाजूला हो जावईबापू. वसंतात परत रचून देतो, माझा शब्द.’’

लोक हसले. आनिसियाला नवऱ्याची लाज वाटली. ती पुढे झाली, राशीतली चांगली मोठी मोळी उचलून तिने स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि त्याला म्हणाली, ‘‘समुद्र बंद आहे. कशाला सगळ्यांत हसं करून घ्यायचं?’’ बायकोच मोळी घेऊन उतरायला लागली तेव्हा स्तामातिसचे हात खाली आले. त्या शनिवारी तिने हमामखान्यात केस धुतले. 

त्या देशात ऐन हिवाळ्यात काही दिवस असे येतात की वारा पूर्ण थांबतो, ऊन पडते आणि समुद्र तळ्यासारखा निवांत होतो. खंड्या पक्षी त्या दिवसांत पाण्यावर अंडी उबवतो म्हणून देव वारा बांधून ठेवतो, असे लोक मानतात. खंड्याचे दिवस म्हणतात त्यांना. त्या वर्षी खंड्याचे दिवस नेहमीपेक्षा लांबले, आणि कुठल्याशा बेटाआड दबा धरून बसलेल्या लुटारूंनाही ते दिसले.

पहाटेच्या उजेडात स्तामातिसला गलबते दिसली. राशीच्या जागी आता ओल्या काटक्यांचा ढिगारा होता, त्याने स्वतःच गोळा करून ठेवलेला. तो पेट घेईना. त्याने झोपडीचे छप्पर ओढून काढले, आपली बाज मोडली, अंगावरची घोंगडीही आगीत टाकली. आग झाली ती शेकोटीएवढी. तोवर डोंगरांवर धुके उतरले होते आणि धूर त्यात मिसळून गेला. धुक्यातून पार होईल अशी ज्वाला हवी होती, आणि ती ज्वाला त्या वेळी खाली सुभेदारांच्या भट्टीत होती. स्कालातल्या कुणी मान वर करून पाहिलेच असेल, तर त्याला हमामखान्याचा रोजचा धूर दिसला असेल आणि सगळे ठीक आहे असेच वाटले असेल. स्तामातिस ओरडत खाली धावला तोवर स्काला रिकामी झाली होती. माणसे, बाया, मुले, सगळ्यांना गलबतांत कोंबून नेले. मागे राहिले ते फक्त म्हातारे, तेही जिवंत नव्हते.

सुभेदाराने त्याच दिवशी जाहीर केले की पहारेकरी झोपला होता. स्तामातिसला किल्ल्याच्या तळघरात टाकले. इशाऱ्याच्या आगीवरचा माणूस खुद्द सम्राटाचा, त्याला शिक्षा द्यायला राजधानीचा होकार लागे. होकार वसंतात आला. डोळे काढावेत. पण त्याच सुमारास लिओंतिओसची मुदत संपली आणि शिक्षा अमलात आणणे नव्या सुभेदाराकडे गेले. आता मध्ये तो चांगला नियम आला, उघड्यावर बसायचा.

लिओंतिओसने बसायला जागा निवडली ती मेलिसोपेत्राच. हमामखान्यापुढे त्याने संगमरवराचे आसन मांडून घेतले. रोज सकाळी एकटा, पहाऱ्याशिवाय, उन्हात येऊन बसे. येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करी, पोरांना नावाने हाका मारी. नियमाचे इतके मनापासून पालन करणारा सुभेदार कुणी पाहिला नव्हता.

आनिसिया बिशपांकडे गेली. म्हातारे, थकलेले, पण कायदा जाणणारे. त्यांनी सगळे ऐकून घेतले. ‘‘ज्यांनी हुकमाने लाकूड नेलं त्यांना दोष लागत नाही, मुली. हुकूम देणाऱ्याला लागतो. हे मी गावासमोर सांगेन. पण तू बायको आहेस. दुसऱ्या घरचं एक माणूस आण. एकच.’’

एकच. आनिसियाला रडू आले ते आनंदाचे. अख्ख्या गावाने लाकूड नेले होते, त्यातून एक माणूस मिळायला कितीसा वेळ लागणार?

ती घरोघर फिरली. पाव भाजणारी भटारीण कणकेचे हात दाखवून म्हणाली, आत्ता नको, नंतर ये. नंतर दार बंद होते. कुणी म्हणाले, मी नेलं खरं, पण फार थोडं; जास्त नेलंय त्यांना विचार. कुणी तिला उलट विचारले, तूच पहिली मोळी उचललीस ना? त्यावर ती म्हणाली, ‘‘हो, मीच. आणि तेच सांगणार आहे मी.’’ गाढववाला मानोलिस मात्र तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला, ‘‘मी येतो. माझ्या गाढवांच्या पाठी अजून सोलल्यात. सांगीन मी.’’ त्या दिवशी ती घरी जाऊन पोटभर जेवली.

शेवटी ती बापाकडे गेली. प्रोकोपी अंगणात बसला होता. त्याने तिला बस म्हटले नाही.

‘‘कालच सुभेदारांनी बोलावलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणाले, मी काय, जाणारा माणूस. पण तुमच्या लोकांनी सम्राटाच्या राशीला हात लावला हे नव्याला कळलं, तर तुमचं काय होईल या काळजीने माझी झोप उडालीय.’’

‘‘बिशप म्हणतात दोष लागत नाही.’’

‘‘बिशप म्हणतात. नवा सुभेदार काय म्हणेल ते बिशपांना माहीत आहे का?’’ मग म्हणाला, ‘‘पुढच्या हिवाळ्याची वेठ माफ करवून दिलीय त्यांनी गावाला. मला गावाचा विचार करावा लागतो, पोरी.’’

‘‘बाबा, तुमच्या जावयाचे डोळे जातील.’’

प्रोकोपी काही बोलला नाही. बाप आपल्याला नाही म्हणालेला नाही, एवढेच धरून आनिसिया परत आली. माणसाला जे हवे असते ते तो गप्प बसण्यातही ऐकतो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी बिशप आले आणि आसनाच्या उजवीकडे बसले. सगळे गाव जमले. आनिसियाने मानोलिसला शोधले. तो पहाटेच मीठ आणायला दुसऱ्या गावी गेला होता, असे त्याच्या बायकोने सांगितले. त्याची गाढवे मात्र घरी बांधलेली होती, हे सगळ्यांना दिसत होते.

आनिसिया आसनासमोर उभी राहिली. भीतीने तिचा आवाज चिरकला, तरी ती बोलली. ‘‘वीग्लावरचं लाकूड या हमामखान्यात जळलं. सुभेदारांच्या हुकमाने आणलं. माझा नवरा नको म्हणत होता. पहिली मोळी मी आणली. मी नेलं. त्या पाण्याने मी केस धुतले. तो झोपला नव्हता, त्याच्याकडे पेटवायला काही ठेवलं नव्हतं आपण.’’

बिशपांनी गावाकडे पाहिले. हुकमाने नेले असेल त्याला दोष नाही, हे त्यांनी मोठ्याने, सावकाश सांगितले. मग विचारले, ‘‘दुसऱ्या घरचं कोणी आहे?’’

कुणी हलले नाही. लोक आपापल्या पायांकडे पाहत होते. भटारीण पदराआड गेली. म्हाताऱ्या बिशपांनी पुन्हा विचारले आणि या वेळी त्यांच्या आवाजात विनवणी होती, असे सांगतात. तेव्हा मानोलिसच्या दारातले एक गाढव ओरडले. त्याने लाकूड नेलेच होते, पण गाढवाची साक्ष कायद्यात बसत नव्हती.

आनिसियाने बापाकडे पाहिले. प्रोकोपीचे ओठ हलले. हलले, हे पुढे बऱ्याच जणांनी सांगितले, कारण सगळेच त्याच्याकडे पाहत होते. पाटील बोलला असता तर मागून निम्मे गाव बोलले असते. पण आवाज आला नाही. घसा बसला होता म्हणे त्याचा.

लिओंतिओस उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खरेही असेल. या दुःखी बाईबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही, तो म्हणाला, उलट हिच्या नवऱ्याचा जीव तरी राहू द्यावा, अशी विनंती मी नव्या सुभेदारांना करून जाईन. जीव घ्यायची शिक्षा कुणी दिलेलीच नव्हती, पण ते त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नाही. मग रिवाजाप्रमाणे निरोपाचा जयघोष व्हायचा होता. तो सुरू करायचा मान पाटलाचा. प्रोकोपीने तोंड उघडले आणि त्याच घशातून खणखणीत आवाज निघाला: ‘‘सरकार अनेक वर्षे जगोत!’’ आणि सगळ्या गावाने तो उचलला.

लिओंतिओसला पुढे याहून मोठा सुभा मिळाला. तो खूप वर्षे जगला म्हणतात.

स्तामातिस उन्हाळ्यात परत आला. एका खेचरवाल्याच्या मागे, दोरीला धरून. आनिसियाने दारात त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांच्या जागी बांधलेली पट्टी पाहून तिला जे वाटले ते सांगणाऱ्यांना सांगता येत नाही, म्हणून ते तिथे नुसते थांबतात. गाव मोठ्या मनाचे निघाले. कुणी चीज आणून ठेवले, कुणी पाव, मानोलिसने एक अख्खे शिंगरू दारात बांधले. तिने शिंगरू सोडून हाकलून दिले. पाव आणि चीज उंबऱ्याबाहेर तसेच वाळून गेले.

चार-आठ दिवसांनी स्तामातिस म्हणाला, मला वर ने. तिने नेले. त्याने माथ्यावरची मोकळी जागा पायांनी चाचपली आणि खाली बसला. गलबते परत येतील, म्हणाला, रास हवी. आंधळ्या पहारेकऱ्याला गलबते दिसणार कशी, हे त्याला विचारायची आनिसियाची छाती झाली नाही. तेव्हापासून ती रोज एक ओंडका पाठीवर बांधून वर न्यायची. तो बोटाच्या पेरांनी ठोकायचा, कान लावायचा आणि विचारायचा, ‘‘कोरडं आहे ना?’’ ती हो म्हणाली की मग रचायचा. डोके ठोकून चेष्टा करणारे लोक आता त्याला वाटेत पाहिले की दुसऱ्या गल्लीत शिरत.

मग डोंगराच्या वाटेच्या तोंडाशी लाकडे दिसू लागली. कुणी तरी उजाडायच्या आत आणून ठेवलेले ओंडके, नीट तोडलेले, चांगले वाळलेले. आनिसिया त्यांना ओलांडून जाई. त्यातला एकही तिने उचलला नाही. ओंडके पावसात भिजले, फुगले, त्यांच्यावर शेवाळ चढले.

पुन्हा हिवाळा आला, पुन्हा खंड्याचे दिवस आले. वारा पडला, ऊन पडले. त्या दिवसांतल्या एका सकाळी प्रोकोपी पाठीवर ओंडका घेऊन वीग्ला चढून वर आला. गाढव नाही, सोबत कोणी नाही. म्हातारा पार वाकला होता. स्तामातिसने पावले ऐकली. ‘‘कोण आहे?’’

प्रोकोपीने नाव सांगितले नाही. तो म्हणाला, ‘‘मी नेलं.’’

 स्तामातिसने हात पुढे करून ओंडका घेतला, ठोकला, कान लावला. ‘‘कोरडं आहे,’’ म्हणाला, आणि रचायला वळला. त्याच्याकडून एवढेच आले, आणि ते त्याने कशा मनाने म्हटले ते कुणाला कळले नाही.

आनिसिया मात्र मध्ये आली. तिने तो ओंडका नवऱ्याच्या हातातून काढून बापाच्या पायाशी ठेवला. ‘‘इथे कशाला सांगता बाबा? ज्याला डोळे नाहीत त्याला सांगून काय उजेड पडणार आहे? जिथे सांगायचं होतं तिथे जाऊन सांगा. मग आणा वर.’’

म्हातारा ओंडका घेऊन पुन्हा खाली उतरला. हमामखाना तेव्हा बंद पडलेला, भट्टी गार, आणि ते आसन रिकामे. त्यासमोर उभा राहून तो म्हणाला, ‘‘मी नेलं.’’ मोठ्याने म्हणाला. आसपासच्या घरांतले लोक दारांत आले. मग ओंडका पुन्हा पाठीवर घेऊन तो वर गेला, आणि या वेळी तिने तो रचू दिला. पण त्यानंतर ती बापाच्या घरची पायरी कधी चढली नाही. त्याच्या मरणालाही नाही.

दुसऱ्या दिवशी भटारीण आसनासमोर आली. मग मानोलिस, मग ज्यांनी थोडेच नेले होते ते. एकेकाने आपला ओंडका पाठीवर घेऊन तेच सांगितले आणि वर नेला. आनिसिया माथ्यावरून सगळे बघत होती. ती एकाशीही बोलली नाही. स्तामातिस राशीशेजारी म्हातारा होऊन मेला, पाठोपाठ तीही. पुढे कधी काळी लुटारूही संपले, सम्राटही संपले, आणि रास पेटवायचे कारण उरले नाही. पण लोकांनी ती रचणे थांबवले नाही आणि तिच्यावर हात शेकायची हिंमतही कुणाला झाली नाही.

इथे आजी काठी उचलते. आजही खंड्याच्या दिवसांत मेलिसोपेत्रातल्या प्रत्येक घरातले माणूस एक ओंडका घेऊन हमामखान्यापुढे उभे राहते. गाढव नाही, गाडी नाही, पाठीवरच. परगावी, परदेशी गेलेले त्यासाठी रजा काढून येतात. सुना येतात, सासरी गेलेल्या लेकी येतात, नुकती बोलायला लागलेली पोरे काटकी धरून येतात. मेयर येतो, पोलिसांचा साहेब येतो. पाहुणे असतील तर हौसेने तेही रांगेत उभे राहतात. एकेक जण समोर जाऊन खणखणीत आवाजात म्हणतो, ‘‘मी नेलं.’’ कुणाचा आवाज अडखळत नाही, कुणाचा घसा बसत नाही.

कुणी पाहुणा म्हणतो, किती सुंदर प्रथा आहे, सगळे गाव कसे खरे बोलते. आजी त्याच्याकडे बघते, मग उन्हात पांढऱ्या पडलेल्या त्या आसनाकडे काठी दाखवते.

‘‘बोलतील नाही तर काय,’’ ती म्हणते. ‘‘आता तिथे कोण बसलंय?’’